चार वाजताचा चौथा फोन

त्या वर्षी दसऱ्यानंतरच्या उन्हाला औषधाचा वास होता. घाटंजीच्या चहूबाजूंनी कपाशीची शिवारं, त्यामुळे वारा कुठूनही वाहिला तरी फवारणीचा उग्र, काहीसा गोडसर आणि घशाच्या मागे चिकटून राहणारा दर्प घेऊनच तो गावात शिरायचा. दोरीवरच्या कपड्यांना तो लागायचा, माठातल्या पाण्याला लागल्यासारखा वाटायचा, दुपारी खिडक्या ओढून आडवं झालं तरी उशीत असायचाच. बोंडअळीची ती वर्षं. बोंड वरून टपोरं, हिरवंगार, निरोगी दिसायचं, आणि नखाने उकललं की आत गुलाबी अळी निवांतपणे सरकी खात बसलेली असायची. माणसं कशावरच विश्वास ठेवीनाशी झाली होती. बियाण्याच्या पाकिटावर नाही, औषधाच्या बाटलीवर नाही, दुकानदाराच्या शपथेवर नाही, शेजारच्या वावरावरून येणाऱ्या वाऱ्यावरही नाही. अशा दिवसांत माझ्यासारख्या माणसाचं काय झालं असेल? अविश्वास हा तर माझा पेशाच होता.

मी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, आली की ढिगात कोपरापर्यंत हात खुपसायचा, तळातली मूठ वर काढायची, दोन्ही अंगठ्यांत धागा ओढून त्याची लांबी बघायची, सरकी दाताखाली धरायची. कोरडी असेल तर कट्‌ असा आवाज येतो. वजन वाढावं म्हणून पाणी मारलं असेल तर ती मुकाट दबते. समोरचा माणूस कितीही आर्जवाने बोलत असला तरी कान त्याच्या बोलण्याकडे द्यायचा नाही, त्या एका आवाजाकडे द्यायचा, हे मी पहिल्या वर्षीच शिकलो. विश्वास ठेवणं हा त्या कामातला गुन्हा होता, आणि मी तो सहसा केला नाही. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी शाल दिली, कुणी चार बरे शब्द बोललं. पण आयुष्यभर जोपासलेली ती नजर काही कुणी परत मागून घेतली नाही. ती माझ्याबरोबर घरी आली.

घरात मी आणि सुमन, दोघंच. सुमन अंगणवाडीत शिकवायची. तिचा स्वभाव नेमका माझ्या उलट. रडणारं पोर खोटं रडतंय की खरं, हे तिने कधी तपासलं नाही, आधी उचलून घेतलं. आमची मुलगी पुण्यात, आणि सात वर्षांची नात शाळेतून चारच्या सुमाराला घरी येते. आली की दप्तर न उतरवताच आजोबांना फोन लावते आणि दिवसभराच्या तक्रारी सांगते. त्या फोनसाठीच आम्ही घरात वायफाय घेतलं. आमची गल्ली खोलगट भागात, मोबाइलची रेंज दारापर्यंत येऊन परत फिरते. केबलचं काम करणारे राठोडभाऊ एक पांढरी पेटी घेऊन आले आणि बैठकीतल्या कोपऱ्यात, टीव्हीच्या फळीवर ती बसवून गेले.

"काकाजी, पासवर्ड असा ठेवा का तुमाले आठवन आन दुसऱ्याले सुचन नाई," ते म्हणाले होते.

मी राळेगाव ठेवला. नोकरीतलं माझं पहिलं केंद्र तिथलं. इंग्रजी अक्षरांत राळेगाव, पहिलं अक्षर मोठं, आणि पुढे त्या केंद्रावरच्या माझ्या शेडचा क्रमांक. हा शब्द जगात मी आणि सुमन सोडून कुणालाच ठाऊक नाही, या विचाराने मला एक विचित्र समाधान वाटलं होतं. कुलूप घालणाऱ्याला कुलपाचं समाधान अधिक असतं, की आत ठेवलेल्या वस्तूचं?

तीन महिने सुरळीत गेले. मग दसऱ्यानंतर, त्या वासाच्या दिवसांत, नेट तुटायला लागलं. तेही केव्हाही नाही. बरोबर चारच्या सुमाराला. नात काहीतरी सांगत असायची, आणि तिचा उघडा चेहरा अर्ध्या शब्दावर थिजून जायचा. पेटीवरचे हिरवे दिवे विझायचे, एक लाल दिवा लुकलुकायचा, दोन-तीन मिनिटांनी सगळं पुन्हा जागेवर. मग आणखी एकदा तसंच. साडेचारनंतर मात्र दुसऱ्या दिवशी चारपर्यंत काही तक्रार नाही. तुम्हीच सांगा, यंत्राला घड्याळ कळतं का? वेळ पाळून होतं ते बिघाड नसतं, त्यामागे माणूस असतो, असं माझ्या नोकरीने मला शिकवलं होतं.

कंपनीच्या मदत क्रमांकावर मी फोन लावला. रेंजसाठी अंगणात, भिंतीशी जाऊन उभा राहिलो. पलीकडून एक गोड आवाज हिंदीत सांगत होता की पेटी बंद करा, अर्धं मिनिट थांबा, चालू करा. फोनमधलं जुनं नेटवर्क काढून टाका आणि पासवर्ड नव्याने घाला. मी घालत गेलो. काहीही लिहिताना मोठ्याने म्हणायची मला खोड आहे. आर मोठा, ए लहान, एल, ई, असं करत मी अख्खं राळेगाव शेडच्या क्रमांकासकट त्या अंगणात उच्चारून मोकळा झालो. बोलून झाल्यावर मान वर केली तर छातीएवढ्या भिंतीपलीकडे शमीमभाभी कपड्यांना पीळ घालत उभ्या होत्या. त्यांनी ओढणी सावरली आणि बादली घेऊन त्या आत गेल्या. एवढंच घडलं. पण एवढ्याने माझ्या मनात जे पडायचं ते बी पडलं.

शमीमभाभी म्हणजे रशीदभाईंची बायको. वीस वर्षांचा शेजार. रशीदभाईंचं बाजाराच्या रस्त्यावर फवारणी पंप दुरुस्त करायचं दुकान. पंधरा दिवसांपूर्वी दुरुस्तीला आलेल्या एका पंपात औषध तसंच राहून गेलं होतं. दाब देऊन बघताना नळी फुटली आणि फवारा तोंडावर आला. यवतमाळच्या दवाखान्यात त्यांना नेलं होतं, धाकटा भाऊ सोबत होता. मी फाटकाशी एकदा चौकशीही केली होती. "डोयात दवा गेली भाऊजी. होईन ठीक," भाभी म्हणाल्या, आणि मी ते तेवढ्यावरच ठेवलं. त्या ऋतूत घरोघर असं काहीतरी ऐकू येत होतं. ऐकून ऐकून माणसाचा कान बोथट होतो. माझाही झाला होता.

मुलीला मी बिघाडाचं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, पेटीच्या खाली चिकटवलेला कागद बघा. त्यावर एक पत्ता आणि पेटीचा स्वतःचा पासवर्ड आहे. तो टाकला की एक पान उघडतं. तुमच्या नेटला कोण कोण जोडलेलं आहे ते त्यात दिसतं."

मी चष्मा लावून ते पान उघडलं. सकाळी तीन नावं होती: माझा फोन, सुमनचा फोन, टीव्ही. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पुन्हा उघडलं तर चार. चौथ्याला नाव नव्हतं, नुसती अक्षरं आणि आकडे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. साडेचारला तो पाहुणा निघून जायचा.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच माझ्या हाताला ढिगाच्या तळातला ओला कापूस लागला होता.

चौथ्या दिवशी मी ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलो. पेपर धरायचा आणि त्याच्या काठावरून बघायचं, ही युक्ती काही मी शोधलेली नाही. नळाला पाणी आलं तसा उठून मी नेहमीप्रमाणे नळाचं पाणी ओढणाऱ्या टिल्लू पंपाचं बटण दाबून आलो आणि परत बसलो. शमीमभाभी त्यांच्या अंगणात आल्या. आमच्या भिंतीला लागून कपडे धुण्याचा दगड आहे, तिथे पाठ वळवून उभ्या राहिल्या. हातात फोन. डोक्यावरची ओढणी त्यांनी फोनवरही ओढून घेतली, जणू पडद्यावरचं कुणाला दिसू नये. हळू आवाजात काही बोलत होत्या. मध्येच थांबत, फोन वर धरून बघत, पुन्हा बोलत. शब्द कळत नव्हते. पण लपवून बोलणारी व्यक्ती काहीतरी लपवतेच, याहून अधिक पुरावा मला नको होता. आत नातीचा चेहरा रोज थिजत होता आणि बाहेर ही बाई माझ्या नेटवर बोलत होती.

तिचा नवरा दवाखान्यात आहे, हे मला आठवत नव्हतं का? आठवत होतं. पण संशयाची रीतच अशी, की तो करुणेला शेजारच्या खोलीत बसवतो आणि मधलं दार लावून घेतो. दुःखी माणूस चोरी करत नाही असं थोडंच आहे, असं मी स्वतःला समजावलं. आणि ते वाक्य मला फार शहाणपणाचं वाटलं.

मंगळवारी सकाळी सुमन भाजी आणायला गेली असताना मी पासवर्ड बदलला. नवा शब्द लांबलचक ठेवला, मध्ये आकडे, मध्ये चिन्हं. संशयी माणसाचा पासवर्ड लांब असतो. या खेपेला ओठ घट्ट मिटून लिहिला. माझ्या फोनमध्ये घातला, टीव्हीत घातला, आणि सुमनला सांगितलं नाही. का? तिच्या पोटात काही राहत नाही, ती भिंतीवरून बोलता बोलता सांगून मोकळी होईल, असं वाटलं. आणि दुसरं कारण अधिक खरं आहे: मला सापळा लावायचा होता, आणि सापळ्याची गोष्ट कुणाला सांगत नसतात.

चार वाजता शमीमभाभी आल्या. फोन वर धरला, खाली घेतला, बंद करून चालू केला. दगडावर चढून उभ्या राहिल्या. आमच्या खिडकीच्या दिशेने हात लांब केला. मी पेपरच्या काठावरून बघत होतो. पाच-सात मिनिटांनी त्या खाली उतरल्या आणि आत गेल्या. माझ्या छातीत विजयाची एक लहानशी ऊब पसरली.

आणि त्याच क्षणी, घरात, पेटीवरचे दिवे पुन्हा विझलेले होते. चौथा फोन नव्हता, तरी नेट गेलं होतं. एवढ्यावरून मी समजायला हवं होतं. पण पुरावा आपल्या संशयाच्या विरुद्ध गेला, की आपण संशय सोडत नाही. पुराव्यावरच संशय घेतो. मला वाटलं, त्यांनी दुसरी काही युक्ती काढली असेल. किंवा राठोडभाऊच मागून काही करत असतील, नवी महाग पेटी खपवायला. त्या दिवसांत मला कुणीही चालत होतं.

संध्याकाळी सुमनने फोन हातात घेतला. "अवो, नेट काहून लागून नाई राह्यलं?"

"कंपनीचा घोळ असन," मी म्हणालो.

"पासवर्ड मांगते हे. राळेगावचा आर मोठाच हाय ना?"

"मोठाच."

तिने घातला. चुकीचा. पुन्हा घातला. चुकीचा. शेडचा क्रमांक उलटा लिहून बघितला, मध्ये जागा सोडून बघितली. आमच्या सासूबाई, म्हणजे तिची आई, शेवटची चार वर्षं लेकीलाही ओळखत नव्हत्या. सुरुवात अशीच झाली होती, म्हणे. डब्यांची झाकणं अदलाबदल व्हायची, रोजची नावं जिभेवर येऊन अडायची. सुमनच्या मनात ते भय कायमचं घर करून आहे, हे मला माहीत होतं. माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तिने हळूच फोन ठेवला आणि उगाचच हात पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला तिची वही दिसली. भाजीची यादी लिहायची साधी वही. तिच्यात राळेगाव हा शब्द आणि तो क्रमांक ओळीखाली ओळ, पानभर. त्याखाली मुलीचा जन्मदिवस, नातीचा जन्मदिवस, आमच्या लग्नाचा दिवस. आणि मग अंगणवाडीतल्या अगदी पहिल्या वर्षीच्या मुलांची नावं, हजेरीच्या क्रमाने, एकवीस नावं. बाविसाव्या आकड्यापुढे जागा रिकामी. ती स्वतःची परीक्षा घेत होती. मी वही होती तशी मिटून ठेवली.

त्या क्षणी बोललो असतो तर? तुम्ही विचाराल म्हणून मीच विचारतो. तोंड उघडून एक वाक्य म्हणायचं होतं: सुमन, मी बदलला. पण एकदा सापळा लावून बसलेला माणूस, आपलंच माणूस त्यात अडकलं तरी लगेच उठत नाही. सापळा दिसेल, ही लाज त्याला आधी सुचते. त्या दिवशी चार वाजता शमीमभाभी अंगणात आल्याच नाहीत. मी त्याचाही अर्थ माझ्या सोयीचा लावला.

गुरुवारी साडेतीनला राठोडभाऊ दारात. सुमननेच त्यांना बोलावलं होतं, मला न विचारता.

"भाऊ," ती म्हणाली, "मलेच पासवर्ड आठवून नाई राह्यला बहुतेक. माह्या डोक्याचंच काही झालं असन."

राठोडभाऊंनी पेटीला वायर लावली, मांडीवरच्या लॅपटॉपवर ते पान उघडलं, आणि भुवया वर केल्या. "काकी, तुमचं डोकं बराबर हाय. इथं पासवर्डच दुसरा हाय. कोणीतरी बदलवला."

"कोणी?"

"ज्यानं या पेटीखालचा कागद वाचला असन त्यानं. घरातूनच झालं हे, बाहेरून नाई होत."

सुमनने माझ्याकडे बघितलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे नाना परींनी बघितलं आहे. रागाने, कौतुकाने, कंटाळून, हसू दाबून. असं कधी बघितलं नव्हतं. मी ढिगात हात घालताना जसा बघत असेन, तशी ती माझ्याकडे बघत होती.

तेवढ्यात नळाला हवेचा फुसफुसाट झाला, पाण्याची धार आली, आणि त्या नजरेतून सुटका मिळाली म्हणून मी उठलो. सवयीने कोपऱ्यातल्या बोर्डावर टिल्लू पंपाचं बटण दाबलं. पंप घरघरला. पंखा मंदावला. आणि फळीवरच्या पेटीचे दिवे पटापट विझले.

राठोडभाऊ आधी पेटीकडे बघत राहिले, मग बोर्डाकडे, मग खिडकीतून बाहेर. गल्लीतल्या घराघरांतून तशीच घरघर ऐकू येत होती. "काकाजी, बटण बंद करा बरं. आता लावा." पेटी पुन्हा विझली. "सापडला तुमचा चोर. चार वाजता नळ येते, साऱ्या गल्लीचे पंप एकदमच सुरू होते, वोल्टेज पडते. आन तुमी तं पंप आन पेटी एकाच बोर्डावर लावून ठेवली. पेटीचा अडाप्टरबी कमजोर झाला. तो बदलवतो आन पेटी दुसऱ्या बोर्डावर घेतो. बाकी काई बिघाड नाई."

म्हणजे नातीचा चेहरा रोज चार वाजता ज्याने थिजवला, तो हात माझा होता. "पण तो चौथा फोन?" मी म्हणालो. प्रश्न तोंडातून निसटल्यावरच मला कळलं की मी काय कबूल करून बसलो.

"कोणता चौथा?" सुमन म्हणाली, आणि मग तिला सगळं समजलं. ती खुर्चीवर बसली. "शमीमचा. मीच देलता तिले पासवर्ड. तुमाले सांगतलं असतं तं तुमी शंभर प्रश्न इचारले असते, म्हणून नाई सांगतलं. रशीदभाईले डोयानं दिसत नाई आता. दोन्ही डोयांनं. दवाखान्यात चार ते साडेचार भेटू देतात, तवा त्याचा भाऊ फोन लावून समोर धरते. शमीमच्या सिमले इथं रेंजच नाई. सासू बिछान्यावर, तिले सोडून शमीम यवतमाळले जाऊ शकत नाई. तो तिचा आवाज ऐकते तवाच दोन घास खाते. नाईतं खातच नाई." तिने बोटांवर दिवस मोजले. "तीन दिवस झाले."

मी घड्याळ बघितलं. चार वाजून पाच मिनिटं.

रशीदभाईंच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. खाटेवर त्यांच्या म्हाताऱ्या आई पडून होत्या. "शमीम? वो टाकी के पास गई," त्या म्हणाल्या. "वहाँ लगता बोलते फोन."

पाण्याची टाकी गावाच्या उंचवट्यावर, शाळेमागे. मी स्कूटर काढली. शमीमभाभी टाकीच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या, भर उन्हात, तिथेही न लागणारा फोन कपाळाच्या वर धरून. मला बघून त्या खाली उतरल्या. चेहऱ्यावर भीती होती. आईंना काही झालं असं त्यांना वाटलं असावं.

"घरी चला भाभी. घरून लागते," मी म्हणालो.

"घरून तं बंद झालं भाऊजी."

"सुरू झालं. बसा."

त्या क्षणभर घुटमळल्या आणि मग मागे बसल्या. उतारावरून आम्ही घरी आलो. राठोडभाऊंनी तोवर पेटी हलवली होती. शमीमभाभींच्या अंगणात, त्याच दगडाशी मी उभा राहिलो आणि नवा पासवर्ड लिहिलेली खिशातली चिठ्ठी काढली. मला ती नुसती देता आली असती. पण माझ्याच्याने राहवलं नाही.

"पासवर्ड मी बदलला होता भाभी. मंगळवारी. मले वाटलं, तुमी न इचारता घेऊन राह्यल्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. फोनकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, "मले वाटलं सुमनताईनं बंद केलं. कोणी कोणाले कितीक दिवस द्याव? म्हणून इचारलं नाई." आणि फोन माझ्यापुढे केला. "तुमीच टाका. मले एवढं लांब नाई जमत."

मी घातला. एकेक अक्षर मोठ्याने म्हणत घातला.

सव्वाचारला फोन लागला. पडद्यावर रशीदभाई. डोळ्यांवर पांढऱ्या पट्ट्या, दाढी वाढलेली, ओठ सुकलेले. फोन लागल्याचं भावाने सांगितलं असावं, कारण त्यांनी आवाजाच्या शोधात मान वळवली. पण चुकीच्या बाजूला.

"शमीम," ते म्हणाले, "नाराज है क्या? डॉक्टर ने कुछ बोला क्या तुझको? मेरेको सच्ची बता."

तीन दिवस तो माणूस अंधारात हेच उकलत पडला होता: मी आंधळा होणार हे तिला कळलं, म्हणून ती फोन घेत नाही. शमीमभाभी ओढणी तोंडाशी धरून म्हणाल्या, "नेट खराब था जी. बस नेट खराब था. अब खाओ बराबर." मी तिथून निघून आलो. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. ते घेतलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

रशीदभाई दिवाळीनंतर घरी आले. उजव्या डोळ्याला दिसायला लागलं होतं, डावा धुरकटच राहिला. दुकान त्यांनी उघडलं, पण आता ग्राहकाने पंप समोर धुऊन दिल्याशिवाय ते हात लावत नाहीत. एका सकाळी त्यांच्या ओट्यावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ग्रेडरसाहेब, मी भावावर संशय घेतलता. मले वाटे, हाच फोन लावत नाई, खोटं बोलते का लागत नाई. मी त्याले शिवी देली. माह्यासाठी तो पोरगा पंधरा दिवस जमिनीवर झोपत होता." ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मला चहा दिला. चहा घेताना आम्ही दोघंही कपाकडे बघत होतो.

त्यांचं घर आता आमच्या नेटवर असतं. ते पान मी पुन्हा उघडून बघितलेलं नाही, आणि शमीमभाभी भिंतीशी येऊन सुमनशी पूर्वीसारख्या बोलतात. माझ्याशीही बोलतात, थोडं तोलून.

नवा पासवर्ड सुमनने स्वतः ठेवला, मला सांगितला, आणि वहीत लिहून ठेवला. त्या बाविसाव्या आकड्यापुढचं नाव तिला पुढे महिन्याभराने भाकरी थापताना आठवलं. तव्यावर भाकरी तशीच टाकून ती वही शोधायला धावली. मी बघत होतो. त्या नावाला तिच्या आठवणीतून मी काढलं नव्हतं, हे खरं आहे; पण ते तिथून नाहीसं झालं असेल अशी धास्ती तिला मी दिली होती, हेही तितकंच खरं आहे.

अजूनही कधीमधी नेट जातं. कुठे खड्डा खणताना वायर तुटते, कधी वीज जाते, कधी काही कारणच कळत नाही. तसं झालं की सुमन हातातलं काम थांबवते आणि माझ्याकडे बघते. "मी काही नाई केलं," मी म्हणतो. ती मान हलवते, हो म्हणते. आणि मग उठून, बैठकीत जाऊन, पेटी स्वतः बघून येते.